गाय मागे, उतार पुढे

रजतची कंबर इंदूरच्या विमानतळावरच गेली. स्वित्झर्लंड राहिलं लांब, मुंबईचं विमानसुद्धा अजून लागायचं होतं. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, बॅग पट्ट्यावर ठेवायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. बॅगेत कणीक होती, दोन प्रकारची शेव, पोहे, त्यांवर भुरभुरायचा जिरावन मसाला, पापड आणि एक छोटा तवा. "तिकडे काय मिळेल, काय नाही," असं आई निघताना म्हणाल्या होत्या.

मला त्याच्या कंबरेचं वाईट वाटलंच. पण विमानात बसल्यावर लक्षात आलं की खरी पंचाईत माझी झाली आहे.

त्याचं असं. हिवाळ्यात इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात मी आमच्या लेकीला, निधीला, आकाशपाळण्याच्या रांगेतून, अगदी तिचा नंबर आल्यावर, उचलून घरी आणलं होतं. पाळण्याचा एक बोल्ट मला हलताना दिसला. रजतला दिसला नाही, पाळणेवाल्याला दिसला नाही, पण मला दिसला. निधीचं रडणं थांबेना, तेव्हा रजतने तिला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आल्प्सचा हिरवागार उतार, त्यावरून नागमोडी जाणारी पत्र्याची पन्हळ आणि त्या पन्हळीतून सुसाट खाली येणाऱ्या लहान लहान गाड्या.

"उन्हाळ्यात आपण दोघं यात बसायचं. पक्कं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सहा वर्षांच्या निधीचं पंचांगच बदललं. संक्रांत, होळी, पाडवा हे सगळे सण घसरगुंडीच्या वाटेवरचे थांबे झाले. शाळेत तिने बाईंना सांगितलं, रिक्षावाल्या भियांना सांगितलं, शेजारच्या कुत्र्याला सांगितलं. आणि त्या घसरगुंडीचा नियम असा की लहान मुलाने मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसायचं, दांडा मोठ्याच्या हातात. ते मोठं माणूस आता सीटवर तिरकं बसून "आई गं" करत होतं.

"बाबाची कंबर दुखतेय तर मम्मा बसेल ना माझ्याबरोबर?" निधीने विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ निधीला चांगला कळतो. तिने खिडकीकडे तोंड केलं.

माझं म्हणाल तर इंदूरजवळच्या मानपूरच्या घाटातसुद्धा मी लिंबू हुंगत बसते. त्यामुळे आल्प्समधल्या आमच्या मुक्कामाच्या खेड्यातून वर जाणाऱ्या रोपवेच्या कॅबिनमध्ये मी निधीला एका हाताने आणि दांडीला दुसऱ्या हाताने धरून, डोळे मिटून उभी होते. बाकी तिघं खिडकीला चिकटलेली.

"मम्मा, धबधबा! हवेतच संपतोय!"

"मंजिरी, डोळे उघड गं, पैसे दिलेत आपण," आई म्हणाल्या.

मी एक डोळा उघडला. खाली घरं लुडोच्या सोंगट्यांएवढी झाली होती. समोर बर्फाचे तीन सुळके उन्हात असे चमकत होते, जणू कुणीतरी आत्ताच पुसून ठेवलेत. मी डोळा मिटला. मग, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, परत उघडला.

मधल्या स्टेशनवर उतरलो आणि आईंनी हात जोडले. डोंगराला नाही, गाईंना.

आईंची पहिली पोळी रोज गाईची. आमच्या इंदुरात रस्त्यांवर गाई दिसेनाशा झाल्या, शहर चकाचक झालं आणि आईंच्या पोळीचे हाल सुरू झाले. आठवडाभर पोळ्या साठवायच्या आणि रविवारी रजतने स्कूटरवरून हातोदच्या रस्त्यावरच्या गोशाळेत पोचवायच्या. आणि इथे? इथे तारेच्या कुंपणापलीकडे अख्खा उतार गाईंनी भरला होता. प्रत्येकीच्या गळ्यात देवळात टांगावी एवढी घंटा.

"बघ कशा धष्टपुष्ट! आणि काय ते डोळे!" आई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून डबा काढला. सकाळी भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघरात केलेल्या पोळ्या त्यात होत्या, गुळाच्या खड्यासकट.

"आई, परक्या गाई आहेत," मी म्हटलं. "शिंगं बघा."

"गाय कधी परकी असते का गं?"

कुंपणाला लाकडी फाटक होतं. आईंनी कडी काढली, दोन पावलं आत गेल्या आणि एका तपकिरी गाईच्या तोंडाशी पोळी धरली. गाईने ती एका घासात संपवली आणि आईंकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं तिला गवतावर फसवण्यात आलं होतं. आईंनी दुसरी दिली. मग आजूबाजूच्या घंटा वाजू लागल्या. एक, दोन, मग सगळ्याच.

"आई, बाहेर या! आणि फाटक लावा!"

आई बाहेर आल्या. तपकिरी गाय फाटकापर्यंत पोचवायला आली. आईंचा हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला.

"लावा ना!"

"दाराशी आलेल्या गाईच्या तोंडावर दार लावू? तू लावशील?"

रजत कंबरेसाठी घेतलेल्या काठीवर वाकून हसत होता. "मंजिरी, राहू दे, वो बस देख रही है. कुठे येणार ती?"

ती आली. तिच्या मागोमाग दुसरी आली, आणि मग कळप घंटांच्या गजरात पायवाटेवर उतरला. कॅबिनच्या दाराशी फोटो काढणारे लोक आधी हसले, मग पांगले. वरच्या घरातून एक बाई काठी घेऊन, त्यांच्या भाषेत ओरडत धावत आली.

"बहनजी, भूखी हैं बेचारी!" आईंनी तिला समजावलं.

गाई कॅबिनच्या दारासमोर दाटीने उभ्या राहिल्या. रजत पलीकडे अडकला. अलीकडे मी, निधी आणि डबा घेतलेल्या आई. तपकिरी गाय डब्याच्या दिशेने निघाली. मी निधीचा हात धरला, आईंचा दंड धरला आणि समोर जी उघडी जागा दिसली तिच्यात शिरले. एक गजांचं फिरतं दार होतं, आम्ही तिघी त्यातून आत ढकलल्या गेलो आणि ते मागे खट्कन बंद झालं. गाईचं नाक दारातून आत आलं, बाकीची गाय बाहेर राहिली.

मी सुस्कारा सोडला आणि पुढे पाहिलं. पुढे पन्हळ होती.

"मम्मा!" निधी दोन्ही पायांवर उड्या मारत होती. "तू मला इथेच आणलंस! तू मला घसरगुंडीवर आणलंस!"

"निधी, ऐक, मी चुकून..."

तिने ऐकलंच नाही. तिने माझ्या पोटाला मिठी मारली होती. इतकी घट्ट मिठी तिने मला लालबागच्या मेळ्याआधी कधीतरी मारली असेल.

तिथल्या तरुण माणसाने आमचे दिवसभराचे पास पाहिले आणि एक गाडी पुढे केली. मी इंग्रजीत विचारलं, परत बाहेर जायचा रस्ता कुठे आहे? त्याने फिरत्या दाराकडे पाहिलं. तिथे आता दोन नाकं होती. मग त्याने हसून खाली दरीकडे बोट दाखवलं.

गाडीचे बोल्ट मी तपासले. चाकं पाहिली. पट्टा तीनदा ओढून पाहिला. निधी माझ्या पुढ्यात बसली होती आणि तिचं हृदय मला तिच्या पाठीतून ऐकू येत होतं, किंवा ते माझं असेल. दांडा पुढे ढकलला की वेग, मागे ओढला की ब्रेक, त्याने सांगितलं. मी दांडा मागे ओढला आणि ठरवलं, की खेड्यापर्यंत तो असाच राहणार.

आम्ही निघालो. म्हणजे गोगलगाय निघते तशा. बाजूने एक म्हातारे गृहस्थ पायवाटेने चालत खाली चालले होते, ते आमच्या पुढे गेले.

"मम्मा, सोड ना."

"हेच बरं आहे. नीट दिसतंय सगळं."

"मम्मा, ते आजोबा जिंकले."

एवढ्यात मागून आवाज आला. "मंजिरीऽऽ! पुढे हो गंऽऽ!"

मी वळून पाहिलं. वरच्या वळणावरून, मागच्या गाडीत एकट्या बसलेल्या आई येत होत्या. पंजाबी ड्रेस, स्वेटर, पर्स गळ्यात, आणि अख्ख्या अंगाचा भार दांड्यावर टाकून पुढे वाकलेल्या.

"आई, दांडा मागे ओढा! मागे!"

"मी घट्ट धरलाय!" त्या ओरडल्या. "जेवढा घट्ट धरतेय तेवढी ही पळतेय!"

पुढे काय होईल ही भीती माझ्या रोजच्या ओळखीची. मागून काय येईल, ही नवीन होती, आणि विचार करायला वेळ नव्हता. निधीला एका हाताने आवळलं, "पकड मला!" म्हटलं आणि दांडा पुढे ढकलला.

पोट जागच्या जागी राहिलं आणि आम्ही पुढे गेलो. पत्रा गुणगुणायला लागला. पहिल्या वळणावर गाडी बाजूच्या भिंतीवर चढली, निधी किंचाळली, मी किंचाळले, समोरचे तीन सुळके आडवे झाले आणि पुन्हा उभे राहिले. फुलांचा एक पिवळा पट्टा सर्रकन गेला. खाली तळं दिसलं, हिरवट निळं, मग आभाळ, मग परत तळं, कोणतं वर आणि कोणतं खाली ते ठरवायला सवड नव्हती. ते म्हातारे गृहस्थ आले आणि गेले. त्यांनी टोपी उंचावली असावी. माझी ओढणी तोंडावर आली, मी ती दातांत धरली. निधीने हात वर केले. दोन्ही. मी "हात खाली!" म्हणायला तोंड उघडलं, ओढणी उडून गेली आणि पुढचं वळण आलं. मागून आईंचा आवाज येत होता, "जय श्रीरामऽऽ" आणि मध्येच, अगदी खणखणीत, "मज्जा आ गईऽऽ!"

खाली गाडी आपोआप मंदावली आणि थांबली. आईंची गाडी हळूच मागून टेकली. कुणाला काही झालं नव्हतं.

निधी गप्प होती. घाबरली. कायमची घाबरली, आता ही जिन्यावरूनसुद्धा उतरणार नाही, आणि केलं कुणी? मी.

"निधी? बेटा, इकडे बघ."

ती वळली. केस उभे, गाल लाल, नाकातून पाणी. माझ्याकडे ती जरा काळजीनेच पाहत होती.

"मम्मा, तू किती जोरात ओरडत होतीस."

"हो बाळा, मम्मा जरा घाबरली होती."

"घाबरली नाही. तू 'अजून, अजून' ओरडत होतीस."

"मी? काहीतरीच."

"ओरडत होतीस तर!" आई मागून, ओठातले केस बाजूला करत म्हणाल्या. "मी ऐकलं ना. मला वाटलं मलाच सांगतेयस, म्हणून मी आणखी पुढे वाकले."

मला अजूनही आठवत नाही. मी असं बोलणारी बाईच नाही. पण दोन साक्षीदार होते आणि घसा माझाच बसला होता.

फोन वाजला. रजत. मागे घंटा वाजत होत्या. "मंजिरी, गाई आत गेल्या, त्या बाईंनी मला फाटक कसं लावायचं ते दोनदा शिकवलं. तुम्ही कुठे आहात? निधी रडतेय का? तिला सांग, पुढच्या वर्षी नक्की..."

"तू तिथेच थांब," मी म्हटलं. आवाज भलताच चिरका निघाला. "आम्ही वर येतोय."

"कॅबिनने ना? मग परत खाली जाऊ सगळे मिळून."

"वर कॅबिनने," मी म्हटलं. "खालचं निधी ठरवेल."

फोन ठेवून पाहिलं, तर निधी आजीला हाताला धरून कॅबिनच्या रांगेकडे धावत निघाली होती. "मम्मा, चल ना! किती स्लो आहेस तू!"

मी धावले, आणि दोघींच्या आधी रांगेत पोचले.