चार नंबरचा माणूस

चेहरा विसरत नाही, हा माझा एकुलता एक गुण. वाचनालयाच्या काउंटरवर आयुष्य काढलं. पुस्तक लंपास केलेला माणूस दहा वर्षांनी दाढी वाढवून आला, तरी मी त्याला पुस्तकाच्या नावासकट हाक मारायचे. बाकी मी तापट आहे, बोलायला लागले की थांबत नाही, आमटीत मीठ कधीकधी दोनदा पडतं. पण चेहऱ्यांच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही.

सून बायकांच्या तुरुंगात पहारेकरी आहे. लग्न ठरलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. आता तिच्या नोकरीला कुणी नाक मुरडलं तर मीच त्याच्या अंगावर धावून जाते. गेल्या वर्षी तिने फौजदारी न्याय या विषयात एम.ए. करायला घेतलं. कामावरून सुटली की वर्ग, सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग. एकदा मी वैतागून विचारलं, "एवढा जीव कशाला काढतेस गं?"

"आई, आत बऱ्याच जणी सांगतात, मी केलंच नाही, साक्षीदाराने चुकून मला ओळखलं. मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. आता तसं जमत नाही. त्यातली एखादी खरं बोलत असली तर?"

मग मी ढिगाबद्दल बोलले नाही. ताटं आम्ही मांडीवर घ्यायला लागलो.

प्रबंधालाही तिला हाच विषय हवा होता. पण तिच्या मॅडम अडून बसल्या. कुणाचा दबाव नसताना भली माणसं भलत्याकडे बोट कशाला दाखवतील, असं त्यांचं म्हणणं. छोटा प्रयोग करून दाखव, नाहीतर माझ्या यादीतला विषय घे, असं त्यांनी सांगून टाकलं. यादीत काय, तर तुरुंगाच्या इमारतींची डागडुजी. सुनेचं तोंड एवढंसं झालं होतं.

पुढच्या रविवारी ती कामावर असताना दारात एक माणूस आला. "ताईंनी मिक्सर दुरुस्तीला न्यायला सांगितलाय." आमचे हे पेपर वाचत होते, मुलगा चहा पीत होता, शेजारीण माझ्याशी गप्पा मारत बसली होती. मीच मिक्सर पुसून, पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. वर भांड्याचं झाकण राहिलं म्हणून जिन्यापर्यंत त्याच्यामागे धावले.

संध्याकाळी सून म्हणाली, मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. घरात नुसता कल्ला. आमचा थयथयाट थोडा वेळ बघून तिने कबूल केलं की माणूस तिच्या ओळखीचा आहे, मिक्सर सुखरूप आहे आणि हाच तो प्रयोग. आता चार दिवसांनी ती आम्हाला एकेकट्याला खोलीत बोलावून सहा फोटो दाखवणार होती.

"म्हणजे परीक्षाच की!" मुलगा म्हणाला. "तिची पदवी आता आपल्या हातात आहे. कुणी माती खायची नाही."

"माझी काळजी करू नकोस," मी म्हटलं.

गुरुवारी मी खोलीत गेले. सुनेने सहा फोटो मांडले आणि कागदावरून वाचून दाखवलं, "तो माणूस यात असेल किंवा नसेलही. ओळखता आला नाही तर तसं सांगा." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. एवढी धडपड करून पोरीने फोटो जमवलेत, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मी फोटो निरखले. चार नंबरवर नजर ठरली. तेच नाक, तेच खाली बघणं.

"हा."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के. मला विचारतेस?"

मुलाने दोन नंबर दाखवला. स्वतः चष्म्याच्या दुकानात काम करतो, आता बोला! शेजारणीने पाच. आमचे हे आधी म्हणाले, "हिला विचारून येतो." ते चालणार नाही म्हटल्यावर त्यांनीही चार नंबरवरच बोट ठेवलं.

मग सुनेने आम्हाला एकत्र बसवून सांगितलं, "तो यात नव्हताच."

मी जाम भडकले. "फसवलंस आम्हाला! सासूला उल्लू बनवायला शिकवतात का तिथे?" पण तिने येऊन मला घट्ट मिठी मारली. "आई, तुम्ही सगळे माझ्यावरच्या मायेने चुकलात. मला हेच तर दाखवायचं होतं." तिचा चेहरा असा फुलला होता की माझा राग जागच्या जागी विरघळला.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती पाय ओढतच. पिशवी खाली टाकून ओट्याशी उभी राहिली.

"मॅडम म्हणाल्या, साक्षीदार चुकले, मान्य. पण खरं सांगितल्यावर त्यांनी बोट मागे घेतलं ना? मग नुकसान काय झालं? म्हणाल्या, सोमवारपर्यंत उत्तर आण, नाहीतर डागडुजी."

"मग काय उत्तर आहे?"

"तेच तर नाहीये माझ्याकडे."

शनिवारभर ती पुस्तकं चाळत होती. मला काही सुचेना. नुसती तिच्यासमोर चहाचे कप ठेवत राहिले.

रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं, तर समोर चार नंबर! मी दार अर्धं लोटूनच सुनेला हाक मारली. तो सुनेच्या वर्गातला निघाला. रुग्णवाहिका चालवतो, बोलायला मऊ. ती अडकलीय असं कळल्यावर तिच्यासाठी दोन पुस्तकं घेऊन आला होता. सुनेने हसत ओळख करून दिली. "हाच तो बिचारा, आई. फोटो द्यायला एका पायावर तयार झाला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला खुर्चीत बसवलं, घरच्यांची विचारपूस केली, चहा दिला. भला पोरगा होता. मग मी आतल्या खोलीत गेले.

"आई, काय करताय?"

सून दारात उभी होती. मी कपाटाला किल्ली लावत होते. आत माझी पर्स होती. तो बसला होता त्या खुर्चीच्या पाठीवर ती लटकत असायची. मी ती तिथून कधी उचलली, मलाच कळलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिला तिचं उत्तर मिळालंय. सोमवारची चिंता मिटली होती. पण ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "असू द्या, आई. मी नाही लिहिणार हे. चला, चहा गार होतोय."

मी तिच्याकडे बघतच राहिले. या पोरीने महिनोन्महिने धड झोप घेतली नव्हती, आणि आता माझा तोरा जपायला विषय सोडायला निघाली होती! मला रडूच यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी तिचा दंड धरून तिला बाहेर नेलं.

"बाळा," मी चार नंबरला म्हटलं, "तू काही केलेलं नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी आत्ता तुझ्याजवळची पर्स उचलून कुलपात ठेवली."

त्याने कप खाली ठेवला. "दिसलं मला, काकू."

दिसलं होतं, तरी बसून माझा चहा पीत होता.

"ऐकलंस?" मी सुनेला म्हटलं. "तुझ्या मॅडमना विचार, हे नुकसान नाही तर काय आहे? लिही. माझं नाव घालून लिही."

"नाव नसतं घालायचं, आई. साक्षीदार क्रमांक एक, असं लिहितात."

"मग क्रमांक एक चेहरा विसरत नाही म्हणून मिरवायची, हेही लिही."

तिने लिहिलं. सोमवारी मॅडमनी ते पान दोनदा वाचलं म्हणे, आणि विषय मंजूर केला.

आता चार नंबर अभ्यासाला नेहमी येतो. मुलाच्या आधी मी त्याला वाढते. पोर मला आवडतं, अगदी मनापासून. पण तो मिक्सरचा दिवस आठवायला गेले की दारातून पिशवी घेऊन जाताना मला तोच दिसतो. खऱ्या माणसाचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. सुनेला मी हेही सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आत ज्या जणी आहेत ना, आई, त्यांनाही कुणीतरी तुमच्याइतक्याच चांगल्या बाईने ओळखलं असेल."