ड्राफ्टमधला पहिला

"दादा, गुडघा दुखतोय ना तुमचा?" श्रीधरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही रे, ठणठणीत आहे," निशिकांत आपटे म्हणाला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

श्रीधर टीमचा कॅप्टन. तिशीचा, पुण्याचा. आपल्याहून चौदा वर्षांनी मोठ्या माणसाला 'बसा' म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. सिंगापूरमधल्या आंग मो किओ भागातली ही रविवारची हौशी बास्केटबॉल लीग. तिचा एक नियम असा, की ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू वाटून घेताना, टीमनं सगळ्यांत आधी निवडलेला खेळाडू दोन क्वार्टर तरी खेळलाच पाहिजे. सुटका एकच. त्यानं स्वतः 'दुखापत' असं लिहून सही करायची. निशिकांतचा एक क्वार्टर झाला होता, आता शेवटचा उरला होता. टीम तीन गुणांनी मागे होती. हरलं की सीझन संपला.

बेंचवर सगळे श्रीधरच्या हातातल्या त्या कागदाकडे बघत होते.

जानेवारी २०१६

फॉर्मवर रकाना होता : पूर्वीचा अनुभव. निशिकांतनं लिहिलं, 'पुणे विद्यापीठ संघ, पॉइंट गार्ड.' म्हणजे चेंडू वाटून खेळ चालवणारा. एक अक्षर खोटं नव्हतं. साल कुणी विचारलंच नाही, ते होतं १९९३. पुण्याचं नाव दिसताच श्रीधरची छाती फुगली. रोज संध्याकाळी खेळणारा वेई मिंग समोर असताना त्यानं पहिली हाक निशिकांतला दिली. वेई मिंग दुसऱ्या फेरीत मिळाला, तो निव्वळ नशिबानं.

घरी सुनेत्रानं डोळे मोठे केले. "पहिला? तू?"

"अगदी पहिला."

"बघ हं, घरी वेगळाच नवरा यायचा," ती म्हणाली आणि शिरा केला.

फेब्रुवारी ते मे

चेंडू हातात आला, की बाकीचे चौघे कुठं पोचणार हे त्याला अजूनही आधीच दिसायचं. पण त्याचा पास तिथं जाईपर्यंत ते तिथून निघून गेलेले असायचे.

"अंकल, पास सो लेट, लाह," वेई मिंग म्हणायचा. "बट नाइस पास!"

आठ मिनिटं बाकी

"दे तो कागद," निशिकांत म्हणाला.

श्रीधरनं दिला, जरा घाईनंच. निशिकांतनं त्याची घडी घालून बाटलीखाली ठेवली.

"खोटं नको लिहायला लावूस. खेळतो मी. माझ्यावर क्षितिजच असणार ना?"

"हो ना. म्हणूनच तर..."

"तोच हवाय मला."

क्षितिज समोरच्या टीममधला, विद्यापीठात पोस्टडॉक करणारा पोरगा, लीगमधला सगळ्यांत चिवट डिफेंडर. लीगचा दुसरा नियम असा, की ज्यानं त्यानं आपला माणूस धरायचा, त्याला सोडून दुसऱ्यावर जायचं नाही.

निशिकांतनं चेंडू अर्ध्या कोर्टापर्यंत नेला आणि वेई मिंगच्या हातात दिला.

"आता तू चालव."

"यू शुअर, अंकल?"

"शुअर."

आणि तो सावकाश चालत पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. क्षितिज मागोमाग गेला. जाणं भागच होतं.

पहिल्यांदा टीमला वाटलं, दमले. दुसऱ्यांदा वेई मिंग क्षितिजविना मोकळ्या झालेल्या वाटेनं थेट बास्केटखाली पोचला, तेव्हा श्रीधरच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं वळून कोपऱ्याकडे पाहिलं. निशिकांतनं पाहिलं नाही.

मग दर वेळी तेच. चेंडू द्यायचा, कोपरा गाठायचा. एकदा श्रीधर एकटा मोकळा सुटलेला त्याला दिसला, वेई मिंगच्या आधी दिसला. चेंडू मागायला तळवे आपोआप उघडले. त्यानं ते कमरेवर ठेवले.

शिट्टी

एका गुणानं जिंकले. सगळे मधोमध धावले. वेई मिंगला उचललं, टाकलं, पुन्हा उचललं. श्रीधरचा आवाज सगळ्यांत वर होता.

कोपऱ्यात क्षितिज निशिकांतपुढे गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभा होता. घाम हनुवटीवरून टपटपत होता, नजर निशिकांतच्या पोटावर खिळलेली.

"सोड रे आता," निशिकांत म्हणाला. "संपली मॅच."

"सॉरी काका."

क्षितिजनं एक हात खाली घेतला, दुसरा तसाच पसरलेला राहिला.