सुरेखाला बोलावलं नाही

जयाने बेलापुरात स्वतःचं शिलाईचं दुकान काढलं, तेव्हा पूजेला अर्धं गाव जेवून गेलं. जिच्याशी वर्षभर बोलणं बंद होतं, ती चुलतजाऊसुद्धा पंगतीला होती. नव्हती ती एकटी सुरेखा.

श्रीरामपूरच्या गणवेशाच्या कारखान्यात दोघी एकाच टेबलाला असायच्या. सुरेखा कापायची, जया शिवायची. 'तू काढ दुकान, मी हाय,' असं सुरेखानेच म्हटलं होतं आणि त्या शब्दावर जयाने मशिनी घेतल्या. पण नोकरी सोडताना मालकाने तिला जुना करार दाखवला. सोडून गेल्यावर दोन वर्षं इथल्या कुठल्याही कामगाराला आपल्याकडे ओढायचं नाही, असं त्यात होतं. खाली सही जयाचीच. कामाला लागायच्या घाईत कोण मेलं वाचत बसतं?

वकिलाने तिला सांगितलं, की अशी अट कोर्टात टिकेलच असं नाही. कोणी आपणहून काम मागायला आलं, तर तुम्ही ओढलं असं सहसा म्हणता येत नाही. पण मालकाने दावा लावलाच, तर हेलपाटे तुम्हालाच. तेव्हा फोन करू नका, निरोप धाडू नका, तिची ती येऊ दे. टिकेलच असं नाही, हे जयाच्या कानावरून गेलं. फोन करू नका, एवढं मात्र तिने गाठीला बांधलं. पूजेचं आमंत्रणही पुरावा ठरलं तर, या धास्तीने तिने तेही दिलं नाही.

आता सुरेखा बोलावल्याशिवाय सख्ख्या भावाच्या घरी जायची नाही, ती हिच्या दारात कशाला येईल? हे जयाला ठाऊक होतं, तरी ती वाट बघत बसली. कापायला ठेवलेल्या माणसाने एका शाळेच्या सगळ्या चड्ड्या आखूड कापल्या आणि ती शाळा हातची गेली. तेव्हाही हिने फोन उचलला नाही.

दिवाळीच्या तोंडावर बाजारात सुरेखा समोर आली. पार वाळली होती. जयाला भरून आलं. तिने करार, वकील, सगळं घडाघडा सांगून टाकलं. सुरेखाने ऐकून घेतलं.

"तुज्या पूजेच्या आधीच मी काम सोडलं हुतं," ती म्हणाली. "लई दिस वाट बघितली तुजी."

काम सोडलेली बाई कारखान्याची कामगार कुठली? तिला राजरोस बोलावता आलं असतं. आणि आता ते राहिलं नव्हतं, कारण चूल पेटेना तेव्हा सुरेखा हातापाया पडून, कमी पगारावर, परत त्याच मालकाकडे लागली होती.

"मला राग न्हाई," सुरेखा म्हणाली. "आता तरी तोंडानं म्हन, ये म्हनून. उद्या येते. फुडचं दोघी मिळून बगू."

जयाला दुसरं काय हवं होतं? शब्द अगदी ओठावर आला. पण तो बोलायच्या आधी तिने मान वळवून बाजारात नजर फिरवली, कारखान्यातलं कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. तिकडचं कोणीसुद्धा नव्हतं.

पुन्हा तोंड वळवलं, तर सुरेखा पिशवी उचलत होती.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि चालू लागली. "ये गं सुरेखा, ये," जया भर बाजारात ओरडली. सुरेखाला ऐकू गेलं. ती थांबली नाही.