उतरलेल्या प्रवाशाची घंटी

मी एक जुनं बटण आहे. शर्टाचं नव्हे, शर्टाचं बटण तुटलं तर लोक निदान शोधतात तरी. कॅन्सरच्या रुग्णालयात उशीशेजारी वायरीला लटकणारं, सिस्टरना बोलावायचं लाल बटण ते मी.

मित्रांनो, कारखान्यात एका यंत्रानं मला दहा हजार वेळा दाबून पाहिलं आणि मगच पास केलं. एवढी परीक्षा तुमच्या शाळेतही नसेल. वॉर्डात आल्यावर चार दिवस कौतुक झालं. पुढे कोणी मला पंख्याचं बटण समजलं, कोणी माझ्यावर बसलं. कोपरा उडाला, चिकटपट्टी आली. त्याचं काही नाही. पण कोणी दाबेनासं झालं, की मला चैन पडत नाही.

कंडक्टरकाका माझ्या खाटेवर आले तेव्हा चैनच चैन होती. छत्तीस वर्षं बसमध्ये घंटी मारलेला माणूस! उशी वर, उशी खाली, पडदा सरकवा. सिस्टर म्हणायच्या, "काका, दर दोन मिनिटांनी स्टॉप नसतो."

एका सोमवारी डॉक्टर आले. आजार औषधांना दाद देत नव्हता. हृदय थांबलंच, तर छाती दाबून, नळी घालून ते पुन्हा चालू करायची धडपड करायची की नाही, हे काकांनी ठरवायचं होतं. डॉक्टर मनानं चांगले, पण अवघड बोलणं आलं की आवाज खाली जायचा. काकांच्या कानापर्यंत पोचलं ते एवढंच : "मग आपण काही करायचं नाही." पुढे डॉक्टरांनी विचारलं, "कळलं ना?"

"कळलं," काका म्हणाले आणि सही केली. शेजारी बसलेली त्यांची लेक खिडकीबाहेर पाहत होती.

त्यानंतर काकांनी मला हात लावला नाही. म्हणजे अंगठा यायचा, माझ्यावर थबकायचा आणि परत जायचा. दुखलं की मागा, असं वेदनेचं औषध लिहून ठेवलेलं होतं. काका ते मागतच नव्हते. चादर मुठीत धरायचे. लेकीनं विचारलं की म्हणायचे, मजेत आहे. माझा जीव खालीवर व्हायचा. माझ्याकडे वीज होती, वायर होती, बोट तेवढं नव्हतं.

बुधवारी दुपारी सिस्टरना वाटलं, मीच बिघडलोय. त्यांनी मला दाबलं. माझा दिवा पेटला आणि मी ठणठणीत वाजलो.

"काका, बटण तर चांगलं आहे. दाबत का नाही?"

"सही केली ना, सिस्टर. उतरलेल्या प्रवाशानं घंटी मारायची नसते."

लेकीच्या हातातला पेला तसाच राहिला. सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी समजावलं नाही, विचारलं, "त्या कागदात काय आहे, ते तुम्हीच मला सांगा बघू."

काकांनी सांगितलं : दुखलं तरी औषध नाही, ताप आला तरी नाही. काहीच नाही.

"हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, नळी घालायची नाही. एवढंच आहे त्यात," सिस्टर म्हणाल्या. "दुखलं तर औषध आहे, तहान लागली तर पाणी आहे. हाक मारलीत तर मी आहे. आणि मत बदललं तर कागदही बदलतो."

काका लेकीकडे वळले. "छाती दाबायची नाही, हे माझं मत आहे. ते राहू दे."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की. तीन दिवस फुकट सोसलं, तेवढंच चुकलं." मग ते हळूच म्हणाले, "सिस्टर, फार दुखतंय हो."

त्यानंतर अकराव्या दिवशी काका गेले. त्या सकाळीही त्यांनी मला दोनदा दाबलं. एकदा पाण्यासाठी, एकदा पडद्यासाठी. नंतर छाती कोणी दाबली नाही. हात लेकीनं धरला होता.

मित्रांनो, आजही एखादा अंगठा माझ्यापर्यंत येऊन मागे फिरला, की मी अस्वस्थ होतो. दाबलं की पेटायचं, एवढंच मला येतं. 'कळलं ना?' म्हटलं की माणूसही तसाच पेटतो, 'हो' म्हणून. तेव्हा तुमच्या घरच्या आजारी माणसानं अशी सही केली, तर त्याच्याजवळ बसा आणि काय कळलं ते त्यालाच सांगू द्या. पाच-दहा मिनिटं जातील. जाऊ द्या.