पोसलेला आणि दत्तक

नृसिंहरावांना उपदेशकाचा परवाना मिळायचा की नाही, हे एका शब्दावर येऊन थांबले होते. कोल्हापूरच्या ख्रिस्तमंडळीपुढे परीक्षेचे प्रवचन देताना त्यांनी म्हटले होते, "ख्रिस्तात माणूस देवरूप होतो." परीक्षा घेणाऱ्या गोऱ्या पाद्रीसाहेबांनी तेथेच हात वर केला.

"हा वेदान्त झाला, नृसिंहराव. थेंब समुद्रात विरतो, तसा. माणूस देवाचा होतो, देवरूप होत नाही. शब्द बदला, मी आजच सही करतो."

"विरणे मी म्हटलेले नाही, साहेब. देव माणसाला दत्तक घेतो, असे म्हणतो आहे."

"दत्तक मी जाणतो. दुष्काळातली मुले माझ्या बंगल्यात वाढत आहेत. ती माझी आहेत, पण म्हणून माझ्या वंशाची झाली नाहीत."

मांगवाड्यातून मंडळीत आलेले वडीलजन आकाराम बाकावर पुढे सरकले. "सायेब, ती पोसल्याली. दत्तक न्हवं."

"फरक काय?"

"कोल्लापुरात बसून इचारताय व्हय? आपलं म्हाराज कागलास्नं दत्तक आल्यात. म्हणून मुजरा करताना कोण कमी वाकतंय का?"

साहेब हसले, पण हटले नाहीत. "दत्तक मुलगा बाप होतो काय?"

"नाही," नृसिंहराव म्हणाले. "बाप बापच राहतो. पण बापाचे नाव, गोत्र, मान, सारे त्याचे होते. मी बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी वडिलांनी माझे श्राद्ध घातले. मला गोत्र उरले नाही. देव नुसता पोसणार असेल, तर मी त्याच्या दारातला आश्रित. त्याने मला घराण्यात घेतले, आपला स्वभाव दिला, हेच मी सांगणार. परवाना न मिळाल्यास शाळेत शिकवीन. शब्द बदलणार नाही."

"म्हंजे गुर्जी," आकाराम म्हणाले, "मांगवाड्याला बी गोत्र आलं म्हणा की."

"आले."

"तुमचंच?"

"ते माझेही गेले, आकाराम. हे त्याहून वरचे."

"मग चालतंय."

साहेब नृसिंहरावांकडे वळले. "मग एक शब्द जोडा. कृपेने."

"तो त्यात आहेच, साहेब. आपल्या पायांनी जाऊन कोणी दत्तक होत नाही. घेणारा घेतो."

साहेबांनी ते वाक्य मराठीतच स्वतःशी पुटपुटून पाहिले आणि टाक उचलला.

"रविवारी," सही करताना ते म्हणाले, "आधी 'घेणारा घेतो' हे सांगा. 'देवरूप होतो' मग."