पालथा फोन

थोरल्याला फोन पालथा घालायची नवी खोड लागली होती, आणि अक्कांच्या डोक्यात तिडीक जायला तेवढं पुरेसं होतं. अंगात ताप, म्हणून आज तो जेवणाच्या टेबलावरूनच बँकेचं काम करत होता. काम तरी काय, तर संध्याकाळी ज्या बँकेकडे पैसा उरतो तिने, ज्या बँकेला कमी पडतो तिला तो रात्रीपुरता द्यायचा. फोनवर, नुसत्या शब्दावर. अक्कांना त्याचा कोण अभिमान! चारचौघींत सांगायच्या, "माझ्या लेकाच्या जिभेवर कोटी फिरतात."

तर तो फोन पाचव्यांदा वाजला आणि लेकाने तो पुन्हा पालथा घातला.

"कोण रे?"

"लंबू."

लंबू एका छोट्या बँकेत हेच काम करायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो याच घरी जेवायला असे. वाढायच्या आधी ताट पुढे करायचा.

"मग तोंड कशाला लपवतोस? त्याचं काय खाल्लंयस?"

"अक्का, सोमवारी एक मोठी बँक बुडाली. गेल्या महिन्यात तीन-तीन महिन्यांसाठी द्यायचो, आता एका रात्रीसाठीही कुणी हात सैल करत नाही."

"लंबूची बुडतेय?"

"ठाऊक नाही. तेच तर! कुणाच्या घरात काय सडलंय, कसं कळणार?"

"आणि तुमच्या घरात?"

लेक पुटपुटला, "उद्या आम्हालाच पैसे लागले तर?"

"हां. आता खरं बोललास."

"पाचपर्यंत त्याला मिळाले नाहीत, तर सकाळी त्यांच्या दारात रांग लागेल," तो कपाळ चोळत म्हणाला.

फोन सहाव्यांदा वाजला. अक्कांनीच तो उचलला आणि लेकाच्या कानाला लावून धरला. लंबूचा आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"अरे, सरकारी रोखे तारण ठेवतो म्हणतोय! सकाळपासून सांगायला बघतोय, एक माणूस उचलेल तर शपथ!"

लेकाने साहेबांना गाठलं. तारणावर, एकाच रात्रीसाठी, चढ्या व्याजाने; पण पाचाला दहा मिनिटं कमी असताना पैसे लंबूकडे गेले.

"मित्राकडून तारण घेतलं," तो ओशाळून म्हणाला. "लाज वाटते, अक्का."

अक्कांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि तो तिथेच ठेवला.

"तारणाची कसली लाज? भीती वाटली, कडी लावलीस, बरं केलंस. पण तो दार ठोठावत असताना आत श्वास रोखून बसलास ना, त्याची लाज वाटू दे. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं. गाढव आहेस; माझंच आहेस, म्हणून सांगते."