‘फारतर’ला कुणी उलगडून बघेल का?

ट्रेमध्ये इंजेक्शनच्या दोन बाटल्या पडल्या आणि पडद्यावर आकडा उमटला, एक. वॉर्डातल्या सिस्टरनं कपाटाकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं आणि पुटपुटली, "अगं बाई, ही दुसरी कुठून आली?"

दुसरी माझ्यामुळे पडली होती.

मी ‘फारतर’ बोलतेय. मी एक मॅक्रो आहे. दचकू नका, नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. औषधं देणाऱ्या या कपाटाचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यात सगळं कंसात लिहितात. कंसाच्या पोटात कंस, त्याच्याही पोटात कंस. पण भाषा मोठी गुणाची. तिच्यात नसलेला शब्द तुम्ही तिला शिकवू शकता. असा शिकवलेला शब्द म्हणजेच मॅक्रो. ‘जास्तीत जास्त इतकंच’ म्हणायला तिच्यात सुटसुटीत शब्द नव्हता. दर वेळी ‘हे याहून मोठं असेल तर ते, नाहीतर हे’ असं चऱ्हाट वळावं लागे. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या एका मुलीनं त्या चऱ्हाटाऐवजी मला घडवलं. दार आपटलं तरी दचकणारी ती मुलगी. माझा स्वभावही तिच्यावरच गेलाय.

प्रोग्राम चालू व्हायच्या आधी मी येते. माझ्या कंसात जे ठेवाल ते मी उघडूनही बघत नाही. जसंच्या तसं उचलते आणि दोन जागी मांडते, एकदा तपासायला, एकदा द्यायला. मग निघून जाते. गडबड होते तेव्हा मी तिथे नसतेच. म्हणून तर माझं नाव कुणाच्या तोंडी येत नाही.

आकडा ठेवलात तर काही बिघडत नाही. पाच दोनदा वाचले तरी पाचच. पण एखादं काम ठेवलंत तर ते काम दोनदा होतं.

हे मुलीच्या लक्षात आलं होतं. ती लगेच कंपनीतल्या तिच्या सरांकडे गेली होती.

"सर, ‘फारतर’मध्ये एक भोक राहिलंय. आतलं काम आधी एकदाच करून उत्तर बाजूला ठेवायला हवं, मग तपासायला हवं. अर्ध्या तासात करते."

"आत्ता चालतंय ना?"

"हो, पण..."

"मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस? हात लावू नकोस."

तिला दुसऱ्या कामाला जुंपलं. आणि याच सरांनी घाईघाईत माझ्या कंसात अख्खं काम कोंबलं: ‘बाटली सोड आणि किती सोडल्या ते सांग.’ वर मर्यादा, फार तर दोन. झालं! तपासायला विचारलं, तेव्हा एक पडली. दोनच्या आत आहे म्हणून उत्तर द्यायला पुन्हा विचारलं, तेव्हा दुसरी पडली. पडद्यावर गेला शेवटचा आकडा, एक. चाचणीत कपाट जोडलंच नव्हतं, नुसता आकडा दिला होता. सगळे खूश.

सिस्टरनं कंपनीत फोन केला तर सर म्हणाले, "बटण दोनदा दाबलं असेल तुम्ही."

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? एकदाच दाबलं."

"यंत्र खोटं बोलत नाही, सिस्टर." फोन ठेवून हसले वर. "लिफ्टचं बटणसुद्धा दहादा दाबणारी माणसं ही!"

तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. मस्तक नाही मला, तरी गेली!

मेट्रनबाईंनी सिस्टरला बोलावलं. "कपाट म्हणतंय एक, तुमच्या हातात दोन. जालीम औषध आहे हे. जादा बाटली आली कुठून?"

"मीच परत करायला आणलीय ना, मॅडम!"

"आज आणलीत. याआधी अशा किती जादा आल्या, त्या कुठे गेल्या?"

चोरी केली नाही ती बाई चोर ठरली. चौकशी होईपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही, आणि पुढे नोकरी राहील याचीही खात्री नाही. तरी दारातून वळून ती म्हणाली, "माझं राहू द्या. उद्या एखादी नवखी पोरगी दोन्ही टोचेल पेशंटला. मग?"

शहाणपणा मिरवणाऱ्यांनो, जीभ चालवण्याआधी मला उलगडा! या भाषेत तशी सोय आहे. ‘हा मॅक्रो उलगडून दाखव’ एवढंच म्हणा. माझं सगळं पोट समोर येईल. एक काम, दोन जागी. आंधळ्यालाही दिसेल. पण बघायचंच नाही त्याला कोण काय करणार? बाईमाणसाच्या हाताला दोष देणं सोपं!

सिस्टर घरून फोन लावतेय. सरांच्या टेबलावर रिंग वाजतेय. सर नंबर बघतात, चहा ढवळतात आणि कप घेऊन बाहेर जातात. रिंग थांबते, पुन्हा सुरू होते. कोपऱ्यातली माझी मुलगी दर रिंगला दचकते. शेजारचा म्हणतो, "बस गं, आपलं टेबल नाही ते."

दचकतेस काय नुसती? ऊठ ना गं! मला घडवलंस तू, मला ओळखणारी तू एकटी. ऊठ!

खुर्ची सरकली.

"हॅलो... सर जागेवर नाहीत."

"मला सर नकोतच, बाळा. एवढंच सांग, एकदा सांगितलेलं काम दोनदा कसं होतं?"

मग की-बोर्ड खडखडला.

"सिस्टर, फोन ठेवू नका. मी ‘फारतर’ उलगडून बघतेय."